मुंगीचं उलटं मागणं

यात्रेहून परतलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर उजेड असतो म्हणतात. आमच्या धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीतली, सत्तावीस पोरं-पोरी परदेशातली बारा दिवसांची यात्रा करून चर्चच्या आवारात बसमधून उतरली, तेव्हा उजेड कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. एकीच्या गालावर खिडकीच्या रबराचा वळ उठला होता. विजेच्या तारा जोडणाऱ्या आमच्या वायरमनच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि त्यातली एक त्याची नव्हती. फादर दोन पायऱ्या उतरले आणि तिसरीवर बसूनच राहिले. मागून येणाऱ्यांनी त्यांना वळसा घातला, पण उठा म्हणायचा धीर कुणाला झाला नाही.

सगळ्यात शेवटी मुंगी उतरली. पाठीवर तिची पिशवी, पोटाशी दुसऱ्या कुणाची तरी पिशवी, हातात पाण्याचा रिकामा कॅन. तिला मुंगी म्हणतात ते याचसाठी. सव्वीस वर्षांची झाली, पण तिला रिकाम्या हातांनी चालताना अजून कुणी पाहिलेलं नाही.

तिची आई दगडी कट्ट्यावर वाट पाहत बसली होती. दोघींनी एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. आईनं डाव्या हातानं एक पिशवी घेतली आणि विचारलं, "सांगितलेलं केलंस ना?"

"मागितलं," मुंगी म्हणाली.

हे उत्तर खोटं नव्हतं. खरं म्हणावं, तर तेही नव्हतं. त्या एका शब्दानं पुढचे तीन दिवस तिला घास गोड लागू दिला नाही.

आता मुंगीची आई कोण, ते सांगायला हवं. आमच्याकडे तिला ओस्तीवाली म्हणतात. ओस्ती म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, वेदीवरून वाटला जातो तो पांढरा, गोल, बिनखमिराचा पापुद्रा. गव्हाचं पीठ आणि पाणी, तिसरं काही नाही. मीठसुद्धा नाही. एकतीस वर्षं आमच्या चर्चमधली एकेक ओस्ती या बाईच्या हातून आली आहे. मुंगीचा बाप चर्चचा घंटावाला होता, त्या निमित्तानं हे काम घरात आलं. बाप गेला, घंटेला मोटर बसली, काम मात्र राहिलं.

लोकांना वाटतं, पीठ-पाण्याचं काम, त्यात काय एवढं! त्यांनी गुरुवारी पहाटे त्या घरात जाऊन बघावं. घराला दोन खोल्या, मधे दार. पुढच्या खोलीत माणसं राहतात, मागच्या खोलीत साचा राहतो. साचा म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन जाड लोखंडी पाट्या. खालच्या पाटीवर क्रूस कोरलेले, वरची सपाट. खाली गॅस. पळीभर सरबरीत पीठ ओतायचं, वरची पाटी आपटून खाली आणायची आणि खांद्याचा सगळा भार देऊन दाबून धरायची. कडेनं फुसफुसत बाहेर आलेलं पीठ सुरीनं खरवडायचं. मनात तीन वेळा 'नमो मरिया'ची प्रार्थना म्हणेपर्यंत थांबायचं. कमी थांबलं तर ओली, जास्त थांबलं तर तांबूस. मग पाटी उचलून पातळ ताव सोडवायचा. एका तावात बारा ओस्त्या निघतात. आठवड्याला अठराशे लागतात, म्हणजे दीडशे वेळा दाबायचं आणि दीडशे वेळा उचलायचं. तेवढ्यावर सुटका नाही. हे ताव काचेसारखे कडक होतात, म्हणून रात्रभर ओल्या फडक्यांत ठेवून मऊ करायचे. शुक्रवारी नळीच्या कातरीनं एकेक गोल कापायचा. मग चाळणीतून भुगा काढायचा, तुटक्या निवडायच्या, उरलेल्या वाळवायच्या. शनिवारी डबे चर्चमध्ये पोचवायचे. रविवारी लोक ते एका मिनिटात जिभेवर विरघळवतात.

मुंगी दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासते. फ्रेमच्या मापाची काच चक्रावर धरायची आणि कड गुळगुळीत करायची. गुरुवारी पहाटे साडेचारला साच्यापाशी, नऊला दुकानात, आणि शुक्रवारी दुकानातून आली की कातरी. शाळा सुटल्यापासून असंच. तिनं कधी कुरकुर केली नाही. कुरकुर करायला बसावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी आईचा उजवा खांदा गेला. हात वर जाईना. मग ती डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू देऊन पाटी उचलू लागली, जणू स्वतःचाच हात दुसऱ्याचा असावा आणि त्याला मदत करावी, तशी. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. तिनं डॉक्टर सोडला.

धर्मग्रामातल्या तरुणांची यात्रा ठरली, तेव्हा मुंगी जाणार नव्हतीच. आईनंच तिचं नाव देऊन टाकलं. निघायच्या सकाळी पिशवीची चेन लावता लावता म्हणाली, "तिथं आपली मरियामाय आहे. तिच्यापुढं माझं एवढंच सांग, की हा हात टिकू दे. मरेपर्यंत साचा माझ्या हातून सुटू नये. स्वतःसाठी तुला हवं ते माग, पण आधी हे."

इतकं सोपं काम होतं. आणि मुंगीनं तिथं जाऊन नेमकं उलटं मागितलं.

परत आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांना चर्चच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. यात्रेत रोज प्रत्येकानं एका वहीत दोन ओळी लिहायच्या, असा फादरांचा नियम होता. 'खरं लिहा, नाहीतर लिहूच नका,' असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता त्यातलं निवडक रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांसमोर वाचायचं होतं. ते वाचणार होत्या धर्मशिक्षणाच्या बाई; त्या गोल करून खुर्च्या मांडून बसल्या होत्या. अर्धी पोरं डुलक्या देत होती.

"हं, बोला," बाई म्हणाल्या. "या यात्रेनं तुम्हाला काय दिलं?"

"खोकला," वायरमन म्हणाला.

"अरे, नीट सांग."

"नीटच सांगतोय बाई. त्या शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपलो ना, तिथला खोकला आहे. परदेशी आहे, म्हणून अजून घरी कुणाला दिला नाही."

हशा पिकला, पण दमलेला. मग एक मुलगी म्हणाली, की तिला तिथल्या मिरवणुकीत काहीच वाटलं नाही आणि त्याची तिला लाज वाटते. सगळे रडत होते, ती मात्र संडासाची रांग कुठे आहे ते शोधत होती.

"देव रांगेतही असतो," बाई म्हणाल्या.

"मग तो आमच्या पुढे असणार," वायरमन म्हणाला. "कारण रांग काही हलत नव्हती."

मुंगी हसली नाही. बाईंनी विचारलं, "आणि तू गं?" ती म्हणाली, "मी लिहिलंय." बैठक संपल्यावर मात्र ती बाईंच्या मागे मागे गेली.

"बाई, ती वही मला जरा द्याल?"

"फादरांकडे आहे. त्यांनी सहा पानं निवडली. त्यात तुझं आहे. बरं लिहिलंयस हो!"

रविवारी तिसऱ्या बाकावर मुंगीची आई बसणार होती.

पानात काय होतं, ते असं. यात्रेच्या नवव्या दिवशी मरियामायच्या त्या मोठ्या तीर्थस्थानी प्रत्येक गटाला थोडी सेवा दिली होती. कुणी व्हीलचेअर ढकलल्या, कुणी पाणी वाटलं. मुंगीला मिस्सेची तयारी होते त्या मागच्या खोलीत पाठवलं. तिथं भिंतीला लागून खोके रचलेले होते, खोक्यांत पाकिटं, पाकिटांत ओस्त्या. मुंगीनं पहिलं पाकीट फोडलं आणि सवयीनं हातानं चाळणी शोधू लागली. चाळणी नव्हती. लागणारच नव्हती. भुगा नाही, तुटकी नाही, कड अशी मिटलेली की बोट फिरवलं तरी कण पडेना. काचेची कड घासून जिची बोटं शहाणी झालेली, तिला ते लगेच कळलं. तिनं चाळीस वाट्या भरल्या. आईचं आणि तिचं दीड महिन्याचं काम तासाभरात संपलं.

तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, तुमच्याकडे कुठून मागवतात? मुंगी म्हणाली, माझी आई करते, घरी. सिस्टरनं तिच्याकडे बघितलं. कौतुकानं नाही, कीवेनंही नाही. फक्त विचारलं, "अजून?"

त्या संध्याकाळी मरियेच्या पुतळ्यापुढे मुंगीची पाळी आली. मागे हजार माणसं, हातात अर्धं मिनिट. तिनं तोंड उघडलं ते आईचं मागणं सांगायला. आणि मनातून दुसरंच निघालं: माये, आमच्या घरातून तो साचा उचल.

बसमध्ये बसल्यावर तिनं हे सगळं वहीत लिहून काढलं होतं. खरं लिहा, असं सांगितलं होतं ना!

ती तशीच फादरांच्या खोलीवर गेली. फादर पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसले होते. तीन चर्चेस सांभाळणारा माणूस, त्यात बारा दिवस सत्तावीस पोरांची डोकी मोजलेली.

"फादर, माझं पान नका वाचू."

"का? खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

"आईला ठाऊक नाही."

फादरांनी एक पाय बादलीतून काढून पुसला. "हे वाचलं, तेव्हा मला वाटलं की तुमचं घरात बोलणं झालंय. तसं नसेल तर मी चुकलो." त्यांनी वहीतलं पान जपून सोडवलं आणि तिच्या हातात दिलं. "आईला दाखव. ती हो म्हणाली तर वाचू. नाही म्हणाली तर पान तुझं, आणि मी काही वाचलेलं नाही."

"आणि दाखवलंच नाही तर?"

"तर तुझं तुला ठाऊक. मला उद्या सहाची मिस्सा आहे, बाळ."

गुरुवारी तिनं सांगितलं नाही. पहाटे पान तिच्या खिशात होतं आणि आई साच्यापाशी. मुंगीनं पाटी आपल्या हातात घेऊ पाहिली, तर आईनं कोपरानं ढकललं. "हो बाजूला. आज बघते, मागण्याचा गुण येतो का." तिनं दाबलं, मनात मोजलं, उचललं. पंचवीस तावांपर्यंत तिच्या चेहऱ्यावर आशा होती. चाळिसाव्याला ओठ मिटले. साठाव्याला तिनं पाटी अर्ध्यावर सोडली आणि भिंतीला टेकली. "अजून दोनच दिवस झालेत म्हणा तुला येऊन," ती म्हणाली. उरलेले नव्वद मुंगीनं केले.

त्या दिवशी दुकानात मुंगीनं एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही काचा उलट्या बसवल्या. मालक म्हणाला, "यात्रा करून आलीस की नजर देऊन आलीस?"

शुक्रवारी संध्याकाळी दोघी कापायला बसल्या. मधे ओल्या फडक्यातले ताव. आई कातरी दाबत होती, मुंगी चाळत होती. चाळणीचा आवाज थांबला.

"आई, तू सांगितलेलं मी मागितलं नाही."

आईचा हात चालूच राहिला. "विसरलीस? होतं असं गर्दीत."

"विसरले नाही. उलटं मागितलं."

मग पान दिलं. आईनं चष्मा पुसला. तिला सावकाश वाचायची सवय, ओठ हलवत. खालपर्यंत गेली, परत वर आली, परत खाली. मुंगीला वाटलं, आता हे घर पडणार.

"अक्षर किती घाण आलंय," आई म्हणाली.

"बस हलत होती."

"हं. चाळ ते."

अर्धा तास कातरी आणि चाळणी चालत राहिली. मग एक ताव कातरीखाली तडकला. तडकतात, नेहमीच तडकतात. पण आईनं तो मुठीत धरून चुरडला आणि भुगा फेकून दिला. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"तुझ्या बापाच्या दफनाच्या दिवशीही मी भाजल्या होत्या. त्याच्याच मिस्सेला. शेजारणी म्हणाल्या, राहू दे आज. मी म्हटलं, मग लोकांना काय देऊ? या धर्मग्रामातल्या पोरांनी पहिल्यांदा जिभेवर घेतला तो घास माझ्या हातचा. लग्नाला उभी राहिली ती जोडपी, मेली ती म्हातारी, सगळ्यांच्या तोंडी माझं पीठ. दुसरं काय आहे गं माझ्याकडे? आणि तू जाऊन सांगतेस, उचल!"

"तू दमलीस, आई."

"मला कुणी विचारलं होतं, दमलीस का म्हणून?"

"मी विचारते आहे."

"आत्ता! वाटेत तीन देश लागले तुला. विमानं झाली, बस झाली, तिथं देवाच्या आईच्या कानात सांगून झालं. हे मधलं दार होतं, ते ढकलून मला विचारायचं होतंस."

मुंगी खाली वाकली आणि फेकलेला भुगा वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, "मलाच सोडायचं होतं गं. तुझा खांदा हे निमित्त. मी दमले. तुझ्या नावावर माझंच मागितलं मी." हे पानात नव्हतं. हे तिलाही बोलता बोलताच कळलं.

आईनं कातरी खाली ठेवली, आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला.

"रविवारी वाच," ती म्हणाली. "बाईंनी नाही, तूच वाच. आणि मी काय मागायला सांगितलं होतं, ते त्यात घाल. माझं मागणं गिळून टाकलंस, ते निदान लोकांपुढे तरी निघू दे."

रविवारी मुंगी उभी राहिली. आधी पाच जणांचं वाचून झालं होतं, मेणबत्त्या, अश्रू, पहाटेचा डोंगर असं बरंच काही, आणि लोकांनी प्रत्येकाला टाळ्या दिल्या होत्या. मुंगीनं आईचं मागणं वाचलं, मग आपलं. आवाज सपाट, दुकानात चष्म्याचा नंबर सांगावा तसा. शेवटी म्हणाली, "दोन्ही मागणी एकाच घरातली आहेत." आणि खाली बसली. टाळ्या पडल्या नाहीत. एक म्हातारी फक्त मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, ही घरी करते? मला वाटलं वरून येतात, ही नुसती पोचवते!"

त्या आठवड्यात मदतीला माणसं आली, नाही असं नाही. वायरमन आला, आणखी दोघी आल्या. वायरमननं अकरा ताव जाळले आणि साच्यात वीज कशी खेळवता येईल ते समजावून सांगू लागला. ओस्तीवालीनं तिसऱ्या गुरुवारी हात जोडले. "जा बाबा, तू तारा जोड." दोघींतली एक तेवढी महिनाभर टिकली, मग तिची नोकरी लागली. मग आई एकटीच फादरांकडे गेली आणि म्हणाली, "बाहेरून मागवा. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत मी देते. त्यातला एकही दिवस कमी नाही."

त्या महिनाअखेरपर्यंत तिनं मुंगीला वरच्या पाटीला हात लावू दिला नाही; तीन तीन पहाटा लावून, थांबत थांबत एकटीच दाबत राहिली. शिक्षा होती की लाड, मुंगीला कळलं नाही. पुढच्या खोलीत अंथरुणावर पडून ती पाटीचा आवाज ऐकायची. झोप येत नसे. सुटका मागून घेतली होती, पण ती अंगाला लागत नव्हती.

पहिलं खोकं आलं, तेव्हा फादरांनी एक पाकीट घरी पाठवलं. आईनं एक ओस्ती दिव्यापुढे धरली, कडेवरून नख फिरवलं, मोडून बघितली.

"कशा आहेत?" मुंगीनं विचारलं.

"चांगल्या आहेत."

"चव?"

"चव आपल्यालाही कुठं होती!"

आणि मग तो रविवार आला. आई नेहमीच्या तिसऱ्या बाकावर. ओस्ती घ्यायची रांग लागली, ती उठली, पुढे गेली, जिभेवर घेतली, परत येऊन गुडघ्यांवर टेकली. मिस्सा संपली, गाणं संपलं, लोक बाहेर पडले. ती उठेना. मुंगी तिच्याकडे वाकली.

"आई? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे." तिनं तोंडावरून हात फिरवला. डोळे ओले होते, पण आवाज कोरडा, थकलेला, दिवसभराचं ओझं नुकतंच खाली ठेवलेल्या माणसाचा. "एकतीस वर्षं मी या बाकावर बसून रांग मोजत आले. किती उठले, किती उरले, पुरतील की नाही. फादर वेदीवर काय म्हणतात ते कधी कानावर आलंच नाही. आज किती माणसं होती गं?"

"मी मोजली नाहीत."

"मीही नाही," आई म्हणाली.

ती बाकाला पाठ टेकून बसली. मुंगी तिच्या शेजारी, दोन्ही हात मांडीवर सोडून. मागे धर्मशिक्षणाच्या बाई एकेक खिडकी लावून घेत पुढे येत होत्या. या दोघींच्या खिडकीपाशी त्या आल्या, क्षणभर थांबल्या, आणि ती तशीच उघडी ठेवून निघून गेल्या.